सात नंबरची नळी

मिलवॉकीतली फेब्रुवारीची सकाळ. डोलोरेसने बर्फाने भिजलेले बूट हीटरपाशी ठेवले, सातव्या महिन्याचं पोट सावरत ती टेबलाशी बसली, आणि आलेले निकाल वाचून भडकली.

आठ शहरांतल्या प्रयोगशाळांना तिने रक्तद्रवाच्या दहा-दहा नळ्या पाठवल्या होत्या, वर नुसते नंबर. प्लेटलेटवर, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशींवर, उलटणारी अँटिबॉडी कुठल्या नळीत आहे, हे सगळ्यांनी सारखंच सांगायला हवं होतं. गरोदर बाईच्या रक्तात ती असली, तर बाळाला बापाकडून मिळालेल्या प्लेटलेट मारते. तीन वर्षांपूर्वी गरोदर धाकट्या बहिणीच्या रक्ताचे दोन ठिकाणी दोन निकाल आले, डॉक्टर ‘काही नाही’ म्हणणाऱ्या निकालावर विसंबले आणि तिचं बाळ गेलं. दुधाने तोंड पोळलेलं. डोलोरेस आता ताकही फुंकून पीत होती.

सात नंबरच्या नळीत अँटिबॉडी नव्हतीच. तरी आठही ठिकाणी ती नळी उलटली होती, प्रत्येक ठिकाणी तिथल्या कोणातरी एकाच माणसाच्या प्लेटलेटवर.

“जेराल्ड, नळ्या तू भरल्यास,” ती आपल्या जुन्या सहायकाला म्हणाली. “निवृत्तीची घाई झालीय का?”

“तुझ्या नाकासमोर भरल्या, बाई. माझ्यावर कशाला ढकलतेस?”

तिला ते पटलं नाही. सात नंबरच्या उरलेल्या नळीचं सील तिने स्वतः तोडलं. फिकट पिवळं, नितळ. वास किंचित गोड, नासल्यासारखा. “घे, तपास माझ्यादेखत.”

चाचणीला प्लेटलेट प्रयोगशाळेतल्याच लोकांच्या घ्यायच्या, ही सगळीकडची रीत. कर्मचारी, त्यांचे नवरे-बायका. दुपारी तिने सेंट पॉलच्या प्रयोगशाळेला फोन लावला. उलटली ती कोणावर?

“आमच्या हेलनवर,” तिकडची बाई म्हणाली.

“नळी कोणी उघडली होती?”

“तिनेच. आज आली नाही ती. पायांवर लाल ठिपके उठलेत म्हणे, टाचणीने टोचल्यासारखे.”

टोरांटोतही उघडणाऱ्यावरच. डेन्व्हरलाही. पुढचे नंबर तिने फिरवलेच नाहीत.

तिने मोजे खाली ओढले. पाय स्वच्छ होते.

जेराल्ड कागद घेऊन आला. “तुझ्या प्लेटलेट ठीक आहेत.”

तिचा जीव भांड्यात पडला.

“एकावरच उलटली. लिओच्या. पण तुझ्या नवऱ्याने तर नळीला हातही लावला नाही, मग त्याच्यावर का?”

डोलोरेसचा हात पोटावर गेला. आतलं अर्धं रक्त लिओचं होतं.

रोज तीनची कॉफी प्यायली की बाळ लाथ मारायचं. कप रिकामा करून तिला अर्धा तास झाला होता.