हक्काची रजा

काचकारखान्याच्या हजेरी विभागात भिंतीवर एकच घड्याळ होते आणि ते कधी मागेपुढे झाल्याचे कुणाला आठवत नव्हते. त्या घड्याळाखाली बसणाऱ्या बाईंचेही तसेच होते. कामगार त्यांना तोंडावर बाई म्हणत आणि पाठीमागे मोजपट्टी. हे बाईंना ठाऊक होते, आणि खरे सांगायचे तर मनातून ते नाव त्यांना आवडतही होते. त्या येण्यापूर्वी सार्वजनिक सुट्टी आली की या कारखान्यात हमखास वादावादी होई. सुट्टीच्या आदल्या रात्री सुरू होऊन सुट्टीच्या सकाळी संपणारी पाळी कोणत्या दिवसाची धरायची? आठवड्यातून तीनच दिवस येणाऱ्या कामगाराला सुट्टीचा वाटा किती? बाईंनी या सगळ्याचे नियम स्वतः लिहिले, व्यवस्थापकांशी ओळीओळीवर भांडून ते मंजूर करून घेतले, आणि तेव्हापासून कुणाचाही तास कुणाच्या घशात गेला नाही.

त्यातले एक कलम त्यांचे विशेष लाडके होते. मंजूर झालेली रजा एकदा सुरू झाली, की कामगाराच्या संमतीवाचून ती कुणालाही मागे घेता येणार नाही. बाईंचे वडील छापखान्यात होते. त्यांना साहेबांनी रजेच्या दुसऱ्याच दिवशी परत बोलावले होते. उरलेली रजा नंतर घ्या, असे सांगितले होते. वडील गेले तेव्हा ती रजा शिल्लकच होती.

वर्ष संपत आले होते आणि बाई साचलेल्या बदली सुट्ट्या निकाली काढत होत्या. काचेची भट्टी विझवता येत नाही. विझली तर आतली काच गोठते आणि भट्टीलाच तडे जातात. म्हणून सार्वजनिक सुट्टीला सगळा कारखाना कुलूपबंद असला, तरी एक माणूस भट्टीवर राहतो आणि त्या दिवसाच्या बदल्यात पुढे कधीतरी एक दिवस घरी बसतो. गेली कित्येक वर्षे तो माणूस म्हणजे तात्या. पण बदल्यातला एकही दिवस त्यांनी घेतलेला नव्हता. सगळे सलग दिले, तर अख्खा उन्हाळा त्यात सरला असता. बाईंनी तात्यांना बोलावून घेतले.

"तात्या, बसा. हे काय साठवून ठेवलंय तुम्ही? मुरांबा घालायचाय का सुट्ट्यांचा?"

तात्या बसले नाहीत, हसलेही नाहीत. वर्षानुवर्षे ज्वाळेकडे पाहून त्यांचे डोळे नेहमी किंचित मिटलेले असत.

"त्या माझ्या नाहीत, बाई."

"मग काय माझ्या?"

"सुट्टीच्या दिवशी मी घरी असतो. पाण्याची टाकी धुतो, सायकल पुसतो, दुपारी ताणून देतो. बायकोला विचारा हवं तर."

"आणि गेटवरच्या यंत्रावर अंगठा कोण लावतं?"

तात्यांनी खिडकीतून दिसणाऱ्या धुराड्याकडे पाहिले. "तो."

"तो कोण? भाऊ आहे तुम्हाला?"

"मी एकटाच." मग ते हलकेच म्हणाले, "त्याला रजा देऊ नका, बाई. रजा मिळाली की माणूस घरी जातो. त्याला दुसरं घर कुठलं असणार?"

बाईंनी ते ऐकून घेतले, आणि तात्या गेल्यावर सरळ गेटवर गेल्या. तिथले पहारेकरी फौजेतून आलेले होते आणि सगळे त्यांना सुभेदार म्हणत.

"सुट्टीला तात्याच येतात का हो? की दुसरंच कोणी अंगठा लावून जातं?"

सुभेदार दुखावले. "मी काय आंधळा आहे? तात्याच येतात. उलट त्या दिवशी अंमळ बरे दिसतात. आणि गंमत सांगू? एरवी यंत्र त्यांचा अंगठा घेतच नाही. भट्टीनं बोटं पार घासून काढलीत त्यांची, रेषा म्हणून उरली नाही. रोज मला हातानं वेळ लिहावी लागते. पण सुट्टीच्या दिवशी पहिल्या फटक्यात घेतं. त्या दिवशी यंत्रालाही दया येत असेल!"

बाई हसल्या. यंत्राला दया येत नाही, पण गर्दी नसताना ते नीट चालते, असे त्यांनी मनाशी ठरवून टाकले. बाकीचाही उलगडा त्यांनी केला. माणूस इतकी वर्षे आगीशेजारी उभा राहिला, की त्याला सावलीत बसायची भीती वाटू लागते. वडीलही रजेच्या नावाने असेच काहीबाही कारण काढायचे. तात्यांचे म्हणणे मनावर घ्यायचे नव्हते, त्यांचा हक्क त्यांच्या पदरात टाकायचा होता. नव्या वर्षात, ऊन तापू लागले तेव्हा बाईंनी सारी रजा सलग मंजूर केली, भट्टीवर दुसरा माणूस नेमला, आणि तात्यांच्या हातात हुकूम दिला. तात्यांनी तो वाचला नाही. नुसता घडी करून खिशात ठेवला.

रजा सुरू झाली त्या सोमवारी सकाळी बाई आल्या, तेव्हा तात्या कामाच्या कपड्यांत त्यांच्या दारात उभे होते.

"तात्या, कमाल आहे हं तुमची! आता काय हाताला धरून घरी पोचवू?"

"पोचलाय तो," तात्या म्हणाले.

बाईंनी त्यांच्यासमोरच फोन उचलला आणि त्यांच्या घरी लावला. तात्यांच्या बायकोने तो घेतला. तिचा आवाज सणसणीत होता आणि आनंदी.

"बाई, तुमचे उपकार कसे फेडू? हे आज इतक्या वर्षांनी कामाच्या दिवशी सकाळचे घरी बसलेत. चहा घेतायत माझ्यासमोर. हात तर किती मऊ लागले यांचे! म्हटलं, एका दिवसात एवढा फरक?"

मागून एक आवाज आला. "कोण आहे गं?"

तो आवाज बाईंनी ओळखला. त्या आवाजाचा माणूस त्यांच्या टेबलापलीकडे उभा होता आणि त्याचे ओठ मिटलेले होते.

बाईंनी फोन ठेवला. गोंधळ झाला की आधी तो कुठून सुरू झाला ते शोधायचे, ही त्यांची रीत होती.

"चला तात्या. आपण दोघं तुमच्या घरी जाऊ आणि समोरासमोर बोलू."

"दोघं एका दारात दिसलो, तर ती कुणाला आत घेईल?" तात्या म्हणाले. "तिला निवडायला लावू नका, बाई. ती हसत होती ना? मला इथवर ऐकू आलं."

"मग मी रजाच रद्द करते."

"करा," तात्या म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचे डोळे पूर्ण उघडले होते. "लवकर करा."

पण रजेवर होता तो घरी बसलेला, संमती त्याचीच हवी होती. बाईंनी पुन्हा फोन लावला आणि 'त्यांना द्या' म्हणून सांगितले. पलीकडे पावले वाजली. कुणीतरी फोन हातात घेतला, शांतपणे श्वास घेतला.

"तात्या, तुमची रजा सुरू झालेली आहे. ती मागे घ्यायला मला तुमची संमती लागेल."

"नाही हो, बाई." आवाज मऊ होता, आर्जवी. "हक्काची आहे. तुम्हीच तर सांगितलंत."

बाईंनी वर पाहिले. टेबलापलीकडचे तात्या सगळे समजल्यासारखी मान हलवत होते. ते वळले आणि भट्टीच्या दिशेने चालू लागले. नव्या भट्टीवाल्याने त्यांना दुपारपर्यंत कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलेले पाहिले. त्यानंतर पाहिले नाही. पाळी सुटली, तेव्हा सुभेदारांनी त्यांना गेटातून बाहेर पडताना पाहिले नाही. बाईंनी दोन दिवस कारखान्याची प्रत्येक खोली, प्रत्येक आडोसा उघडून बघितला. खुंटीवर तात्यांचा जाड कोट होता. त्याच्या खिशात घडी केलेला हुकूम होता.

उन्हाळा सरला. रजा संपली त्या सकाळी तात्या वेळेवर आले, नवी चप्पल घालून, नीट केस विंचरून. त्यांनी यंत्रावर अंगठा ठेवला. पहिल्या फटक्यात हिरवा दिवा लागला.

"रजा मानवली तुम्हाला!" सुभेदार म्हणाले.

"हक्काचं ते हक्काचं," तात्या म्हणाले, आणि खिडकीतून पाहणाऱ्या बाईंना त्यांनी नमस्कार केला. जोडलेल्या हातांची बोटे गुबगुबीत होती.

त्यांच्या कामात खोट काढायला जागा नव्हती. दुपारी घरी बायकोला फोन करत. पगाराच्या दिवशी ती स्वतः येऊन बाईंना भेटून गेली. "आमचे हे आता गुणगुणतात सुद्धा," ती म्हणाली. बाईंच्या ओठांवर खरे काय ते आले होते. तिचा चेहरा पाहून त्यांनी ते गिळले.

मग सार्वजनिक सुट्टी आली.

बाई सकाळीच घरून निघाल्या. वाट मुद्दाम वाकडी करून तात्यांच्या घरावरून गेल्या. अंगणात तात्या सायकल पुसत होते. त्यांनी हातातले फडके हलवून बाईंना ओळख दिली. आतून त्यांच्या बायकोने कसलेसे गाणे धरले होते.

कारखान्याच्या गेटवर सुभेदार वैतागलेले होते.

"बाई, हे यंत्र दुरुस्तीला पाठवा. इतके दिवस तात्यांचा अंगठा झकास घेत होतं, आज काही केल्या घेईना. शेवटी हातानं वेळ लिहिली."

बाई आत गेल्या. आतले पट्टे थांबलेले होते. बरण्यांच्या रांगा कापडाखाली झाकलेल्या होत्या. रिकाम्या कारखान्यात फक्त भट्टीची घरघर होती, आणि जसजसे पुढे जावे तसतशी तापलेल्या विटांची कोरडी हवा घशाला लागत होती.

तो निळ्या काचेतून ज्वाळा पाहत होता. अंगात खुंटीवरचा जाड कोट होता. चाहूल लागताच त्याने काच खाली केली.

तेच डोळे. किंचित मिटलेले.

"तात्या," बाई म्हणाल्या. "इतके दिवस कुठे होतात?"

"सुट्टी नव्हती ना," तात्या म्हणाले.

भट्टीत काहीतरी हलकेच तडकले.

"घरी सगळं बरं आहे?"

"बरं आहे."

"ती?"

बाईंना खोटे बोलता येत नसे. "गाणं म्हणत होती."

तात्यांनी मान हलवली. मग त्यांनी विचारले, अगदी खालच्या आवाजात, हजेरी विभागाच्या खिडकीशी उभा राहून कोणीही कामगार विचारतो तसे:

"बाई, माझी किती जमली?"

बाईंना काहीच उघडून पाहायची गरज नव्हती. मागची सगळी शिल्लक त्यांनी स्वतःच्या हाताने संपवली होती.

"एक. आजची."

तात्यांनी करंगळीच्या पहिल्या पेरावर आपला गुळगुळीत अंगठा टेकवला, आणि तो तसाच धरून ते पुन्हा आगीकडे वळले.