जैसे थे गट

बेलापूरच्या त्या कचेरीतली लिफ्ट एरवीही रडतखडतच चालायची, पण सत्त्याण्णव सालच्या जानेवारीत एका सोमवारी ती पुरती बसली. म्हणून शर्मिला हिवराळेला जिने चढावे लागले. नाहीतर ती जिन्याच्या वाटेला जाणाऱ्यातली नव्हती. घर चालत जाण्याच्या अंतरावर असूनही रोज रिक्षा करायची, दिवसभर टाइपरायटरपुढे बसायची आणि संध्याकाळी पुन्हा रिक्षा. वय सव्वीस, पण दम साठीचा.

चौथ्या मजल्यावर तिने हाय खाल्ली आणि मांडीवर डबा घेऊन सरळ पायरीवर बसली. तेवढ्यात वरून एक उंच, शिडशिडीत तरुण खांद्यावर लाकडी ठोकळा घेऊन उतरत आला. तिला बघून थांबला.

"बरं वाटत नाहीये का?"

"बरंय मला. ऑफिस पाचव्या मजल्यावर आहे, एवढाच आजार आहे."

तो हसला आणि ठोकळा खाली ठेवून म्हणाला, "पायरी गार असेल. यावर बसा."

"सुतार आहात का तुम्ही?"

"फिजिओथेरपिस्ट. लोक बहुतेक वेळा मालिशवाला समजतात. सुतार पहिल्यांदाच ऐकलं... तेवढीच बढती."

त्याचं नाव अभय गमरे. ऐरोलीला राहायचा आणि मुंबईच्या कॉलेजात एम.एस्सी. करत होता. बैठं काम करणाऱ्यांनी रोज सकाळी व्यायाम केला, तर त्यांच्या अंगातली ताकद, झोप, मूड, एकूण जगणं यात काय फरक पडतो, हा त्याच्या प्रबंधाचा विषय होता. इथल्या साहेबांनी परवानगी दिली होती आणि तो आता माणसं गोळा करत होता.

"तुमच्यासारखीच माणसं हवी आहेत मला."

"माझ्यासारखी म्हणजे कशी?"

"म्हणजे... चार जिने चढले की बसणारी... नाही, तसं नाही म्हणायचं मला—"

तो कानापर्यंत लाल झाला. शर्मिलाने त्याच क्षणी नाव दिलं. व्यायामाची आवड तिला काडीची नव्हती, हे इथेच सांगून टाकलेलं बरं.

आठवडाभराने कॅन्टीनमध्ये चिठ्ठ्या निघाल्या. अर्ध्या लोकांनी रोज सकाळी ऑफिसमागच्या मैदानात अभयबरोबर व्यायाम करायचा आणि उरलेल्यांनी जसे आहेत तसेच राहायचं, म्हणजे मे महिन्यात दोन्ही गट तपासले की फरक दिसेल. दुसऱ्या गटाला आस्थापना शाखेतल्या कुणीतरी लगेच 'जैसे थे गट' असं नाव ठेवलं, आणि ते चिकटलं. शर्मिलाची चिठ्ठी त्याच गटाची निघाली. तिच्या शेजारच्या टेबलावरच्या आफरीनला मात्र व्यायाम आला. आफरीन रोज उरणहून बसने यायची आणि आणखी लवकर उठण्याच्या कल्पनेनेच तिचा चेहरा पडला होता.

"सर, आमी दोघी चिठ्ठ्या बदलतो," आफरीनने परस्पर जाहीर केलं. "भिशीत नाय का, एकीला गरज असली की नंबर बदलून घेतो? तसंच."

"ही भिशी नाही हो. असं बदललं, तर ज्यांना हौस आहे तेच व्यायामाला येणार. मग फरक व्यायामामुळे पडला की हौसेमुळे, हे मला कसं कळणार?"

बोलणं बिनतोड होतं. शर्मिलाने विचारलं, "मग मी नेमकं काय करायचं?"

"काहीच नाही. मेपर्यंत तुमच्या आयुष्यात काही बदलू देऊ नका. शब्द द्या मला."

हे त्याने थेट तिच्या डोळ्यांत बघत सांगितलं. असं सांगताना माणसाने निदान खिडकीबाहेर तरी बघावं. शर्मिलाने शब्द दिला.

पहिल्या तपासणीत त्या लाकडी ठोकळ्यावर चढ-उतर करायची होती, आणि त्याआधी स्वस्थ बसून नाडी मोजायची होती. अभयने तिचं मनगट धरलं, घड्याळाकडे बघितलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"बसल्याजागी एवढे ठोके? दोन मिनिटं शांत बसा, परत बघू."

परत बघितलं तर ठोके वाढलेलेच.

"आत्ताच चहा घेतलाय का?"

"हो, दोन कप," शर्मिला म्हणाली. सकाळपासून तिने पाणीसुद्धा प्यायलं नव्हतं.

त्यानंतर तिची गंमतच झाली. मैदानातल्या हकिकती रोज आफरीनकडून ऐकायच्या आणि टाइपरायटर बडवत बसायचं. सर आज हसले, सर आज निळा शर्ट घालून आले, सर हात सरळ करायला सांगतात पण कुणाला हात लावत नाहीत, फार सभ्य आहेत. एकदा रिक्षांचा संप झाला आणि शर्मिला लवकर निघून चालत आली. रस्ता मैदानाला लागूनच होता. कुंपणापलीकडे अभय शिट्टी गळ्यात अडकवून उभा होता, आणि खाडीकडून येणाऱ्या खारट वाऱ्याने त्याचे केस पार विस्कटले होते. तिला बघून त्याने हात वर केला.

दुसऱ्या दिवशी संप मिटला, तरी शर्मिला चालतच आली. तिसऱ्या दिवशी तिला वाटलं, मैदान एका बाजूने बघण्यापेक्षा वळसा घालून गेलेलं बरं. फेब्रुवारी संपेपर्यंत एका वळशाचे बरेच वळसे झाले होते. ऑफिसला चालत जाणं म्हणजे काही व्यायाम नव्हे, अशी तिने मनाची समजूत घातली होती. मैदानाला वळसे घालण्याबद्दल मात्र तिने मनाला काही विचारलंच नाही.

"आज लवकर?" अभय कुंपणाशी येऊन विचारायचा.

"रिक्षाच मिळाली नाही."

"कालही मिळाली नव्हती."

"काल मिळाली होती... पण ती वाशीला जाणारी होती."

"नवी मुंबईत रिक्षांचं फारच कठीण झालंय," तो गंभीरपणे म्हणायचा आणि वळून शिट्टी वाजवायचा. ताकाला जाऊन भांडं लपवण्याचा तो प्रकार होता, आणि भांडं फक्त एकीकडेच होतं असंही नाही.

घरी आईच्या नजरेतून काही सुटलं नाही. दुर्गाबाई मूळच्या जालन्याकडच्या. इतकी वर्षं इकडे काढूनही त्यांची बोली तिकडचीच राहिली होती.

"पहिलं सकाळी उठवलं की खाऊ का गिळू करायचीस. आता माझ्याआधी उठायलीस. चेहरा बी खुलायलाय. कोण हाय?"

"कोणी नाही गं आई. झोप चांगली लागते आजकाल."

"झोपंनं माणूस केसात फुलं माळतंय व्हय?"

पण झोपेचं खोटं नव्हतं. शर्मिलाला खरंच गाढ झोप लागायची. दुपारी येणारी पेंग गेली होती, पाठीतली कळ गेली होती आणि साहेबांनी पत्र परत टाइप करायला दिलं तरी डोकं फिरत नव्हतं. एप्रिलमध्ये लिफ्टने पुन्हा मान टाकली. शर्मिला आफरीनशी बोलत बोलत जिने चढली आणि पाचव्या मजल्यावर पोचल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपण कुठेही टेकलो नाही. आधी तिला हसू आलं. मग दिलेला शब्द आठवला.

मे महिन्यात अभय तिला तपासणार होता. काहीही न केलेली बाई अशी तरतरीत निघाली, तर त्याचा हिशेबच चुकणार. व्यायाम केला काय नि नाही केला काय, सारखंच, असा निष्कर्ष निघायचा. त्याने शब्द मागितला होता आणि तिने तो पायदळी तुडवला होता, तोही रोज सकाळी, त्याच्याच डोळ्यांदेखत. खरं सांगितलं तर तो पुन्हा तोंड बघणार नाही. नाही सांगितलं तर त्याच्या वर्षभराच्या कष्टांत खोट राहणार.

तिने आफरीनला सगळं सांगितलं.

"टेन्शन कशाला घेते? मुद्दाम दम लागल्यासारखं कर. छातीवर हात ठेव, भिंतीला टेक, पाणी माग. कोणाला कळतंय?"

शर्मिलाने घरी आरशापुढे धापा टाकून बघितल्या. दुर्गाबाई लाटणं घेऊन धावत आल्या.

तपासणी तळमजल्यावरच्या रिकाम्या खोलीत होती. दार उघडं होतं, पंखा घरघरत होता आणि उकाड्याने जीव नकोसा झाला होता. टकटक करणाऱ्या यंत्राच्या तालावर शर्मिला ठोकळ्यावर चढू-उतरू लागली. ठरल्याप्रमाणे थोड्या वेळाने तिने छातीवर हात ठेवला. अभयने लगेच पुढे होऊन विचारलं, "त्रास होतोय का? थांबूया?" त्याच्या आवाजातली काळजी ऐकून तिला स्वतःची अशी लाज वाटली, की ती खाली उतरून उभीच राहिली.

"मला दम लागलेला नाही," ती म्हणाली. "नाटक करत होते, तेही धड जमत नाहीये. मी रोज चालत होते. आधी नुसती ऑफिसला, मग मैदानाभोवती. रिक्षा मिळत होत्या मला."

यंत्र आपलं टकटक करत राहिलं.

"तुमचं काम बिघडवलं मी. शब्द देऊन मोडला. आणि का मोडला, तेही सांगते, नाहीतर अर्धंच खरं होईल... तुम्ही मैदानात असायचात, म्हणून."

त्याने यंत्र बंद केलं.

"माहीत आहे," तो हळूच म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"चालत होतात ते. कारण माहीत नव्हतं. आशा होती, पण माहीत नव्हतं. नियमाने पहिल्याच आठवड्यात मी तुम्हाला थांबवायला हवं होतं. पण थांबवलं असतं, तर तुम्ही त्या रस्त्याने आला नसता." त्याने एक श्वास घेतला. "तुमचं नाव मी मार्चमध्येच अभ्यासातून काढून टाकलंय."

शर्मिला त्याच्याकडे बघतच राहिली.

"आणि तुमच्या प्रबंधाच्या मॅडमना काय सांगितलंत?"

"खरं तेच. म्हटलं, या बाईंच्या बाबतीत माझी नजर निःपक्षपाती राहिलेली नाही. मॅडम खूप बोलल्या. मग म्हणाल्या, तिला सांगितलंस का? मी म्हटलं, नाही. मग परत पहिल्यापासून बोलल्या."

तिला हसू फुटलं, पण ते अर्ध्यावरच राहिलं. "म्हणजे तुमचा प्रबंध...?"

"एक माणूस कमी पडलं. दुसरं घेतलंय, त्यांचे महिने पुरे व्हायचेत. परीक्षा पुढच्या सत्रात जाईल."

"माझ्यामुळे."

"माझ्यामुळे. तुम्ही नुसत्या चालत होतात. गप्प मी बसलो."

"मग आज मला या ठोकळ्यावर चढवलंत कशाला?"

अभय पुन्हा कानापर्यंत लाल झाला. "सगळ्यांना बोलावलं आणि तुम्हाला नाही, तर तुम्ही कारण विचारलं असतं. मग सांगावं लागलं असतं. पाठ करून आलो होतो... पण तुम्ही समोर आल्यावर तोंडातून एवढंच निघालं, की चढा."

मग त्यानेच विचारलं, "उद्या रविवार. पारसिकच्या टेकडीवर याल? सकाळी."

"तपासणीला?"

"नाही हो."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं टेकडी चढायला लागली. रस्ता वळणावळणाचा होता आणि ऊन अजून कोवळं होतं. खाली खाडीचं पाणी आणि नव्या इमारतींच्या ओळी दिसत होत्या. शर्मिला सवयीच्या वेगाने निघाली आणि दुसऱ्या वळणावर तिच्या ध्यानात आलं, की शेजारी कोणी नाही. अभय मागे, कमरेवर हात ठेवून येत होता. चार महिने त्याने दुसऱ्यांकडून व्यायाम करून घेतला होता. स्वतः शिट्टी वाजवत उभा राहिला होता, आणि उरलेला वेळ टेबलापाशी आकडे मांडत बसला होता.

"हळू चाला जरा," तो म्हणाला.

"तुम्ही फिजिओथेरपिस्ट ना?"

"मला... तुमच्याशी... लग्न करायचंय."

शर्मिला थांबली. छातीत धडधडत होतं, आणि चढाने नव्हे, हे तिचं तिला माहीत होतं. तरी ती म्हणाली, "दम लागल्यावर माणूस काहीही बोलतो. आधी बसा."

तो रस्त्याकडेच्या दगडावर बसला. ती त्याच्या शेजारी बसली. खालून येणारे एक आजोबा काठी टेकत त्यांना मागे टाकून वर निघून गेले. अभयचा श्वास हळूहळू जागेवर आला. मग त्याने तिच्याकडे वळून तेच वाक्य पुन्हा म्हटलं, सावकाश, एकदाही न अडखळता.

आणि शर्मिला हो म्हणाली.