कोपऱ्यात कागद बसत नाही

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, तुमची मर्जी. पण यात मी पदरचं काहीही घातलेलं नाही.

आणि रात्रीची गोष्ट वाचायला बसला असाल तर निराशा होईल. हे सगळं दिवसाढवळ्या घडलं. मागच्या हिवाळ्यात, दुपारची जेवणं उरकल्यावर, धक्क्याला बांधलेल्या एका बोटीत. बाहेर लख्ख ऊन होतं. शेजारच्या बोटीवर कुणीतरी चादरी वाळत घालत होतं.

मी सीट शिवते. गाड्यांच्या, बोटींच्या, दवाखान्यातल्या बाकांच्या. धंदा मूळचा बाबांचा. त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं आणि दुकान माझ्याकडे आलं. मी राहते दुकानाच्या वरच्या खोलीत. जिना इतका अरुंद की बाबांना वर न्यायचं म्हणजे दोन माणसांना घाम फुटायचा. काही वर्षं तसंच रेटलं, मग ठरलं की बाबांनी ताईकडे राहायचं.

ताई आणि भावोजींनी घर सोडून एक जुनी बोट राहायला घेतली होती. सगळ्यांनी त्यांना वेड्यात काढलं, मी सर्वांत आधी. पण बाबांसाठी ती सोयीची होती. धक्क्यावरून एक फळी, एक बुटकी पायरी, की आत.

प्रश्न होता बसण्याचा.

बाबा सरळ बसले की डावीकडे कलंडायचे. एकदा खुर्चीतून पडून त्यांचं कपाळ फुटलं होतं. त्यांना हवा होता कोपरा. पाठीला भिंत, डाव्या खांद्याला भिंत. बोटीत तशी एकच जागा होती... खिडकीखालच्या लांब बाकाचा डावा कोपरा. तिथे बाबा दिवसभर पाणी बघत बसतील, असं ताईने मनात पक्कं केलं होतं.

बाकावरच्या जुन्या गाद्या कुजल्या होत्या. ताईला आधी तयार सोफा हवा होता. तो दारातून आत जाईना. मग गोल फिरणाऱ्या खुर्च्या बघितल्या. भावोजी त्यातल्या एकीवर बसले, बोट हलली, आणि ते भिंतीकडे तोंड करून थांबले. ताई हसून हसून खाली बसली. शेवटी ठरलं, बाक तोच ठेवायचा आणि त्यावर नवी गादी शिवायची. रेक्झिन की कापड यावरून नवरा-बायकोची चांगलीच जुंपली. कापड जिंकलं. निळं.

जुन्या गाद्या मीच काढल्या. एक लांब गादी होती. आणि कोपऱ्यात एक वेगळा, छोटा तुकडा. कुणीतरी मागाहून बसवलेला. लांब गादीचा फोम बसून बसून पापड झाला होता. त्या छोट्या तुकड्याचा मात्र कोरा होता. दाबला की लगेच फुगायचा.

म्हटलं, कोपऱ्यात कुणी बसत नसेल. आणि फेकून दिला.

आता आमच्या कामाची एक गोष्ट सांगते. बोटीत काहीच सरळ नसतं. भिंती पोटासारख्या फुगलेल्या, कोपरे वाकडे. टेपने घेतलेलं माप तिथे हमखास दगा देतं. म्हणून आम्ही बाकावर खाकी कागद अंथरतो, कडेकडेने बोटाने दाबत जातो, घडी उमटली की त्या घडीवरून सुरी फिरवतो. तो कागद दुकानात फोमवर ठेवायचा आणि तसाच फोम कापायचा. टेप आणि कागद यांचं जमलं नाही तर कागद खरा. बाबांनी हे आमच्या डोक्यात ठोकून बसवलं होतं.

तर त्या दुपारी मी कागद घ्यायला गेले. ताई बाजारात गेली होती. भावोजी कामावर. मी एकटीच.

उजवीकडून सुरुवात केली. बोटीच्या अंगाला पाणी थपथप लागत होतं. बरं वाटत होतं ऐकायला. दाबत, कापत मी कोपऱ्याकडे सरकले. तिथे खिडकीचा उजेड पोचत नाही, हाताच्या अंदाजानेच काम करावं लागतं.

आणि पाण्याचा आवाज थांबला...

मी लक्ष दिलं नाही. कागद कुठेतरी अडत होता. मी कामात गुंतले की माझं तोंड आपोआप चालतं. दुकानात गिऱ्हाईक मध्ये बसलं की म्हणते तसं म्हणाले, "जरा पाय घ्या हो वर."

कपडा सळसळला.

कागद मोकळा झाला. मी "हं, बास" म्हटलं, बोटाने कड दाबली, सुरी फिरवली.

आणि मग लक्षात आलं, की आपण बोटीत एकट्या आहोत.

ताई परतली असेल म्हणून मान वर केली. दार बंद. पायरीवर कुणी नाही. कोपरा रिकामा. पाणी पुन्हा थपथप वाजायला लागलं होतं. मी कागदाची गुंडाळी केली, सामान पिशवीत कोंबलं आणि धक्क्यावर येऊन उन्हात उभी राहिले. ताई भाजीची पिशवी घेऊन आली तर म्हणाली, "अशी काय दिसतेस? उन्हात कशाला उभी?" मी म्हटलं, काही नाही, जरा गरगरलं.

दुकानात कागद उलगडला. कोपऱ्यात त्याची कापलेली कड आत वळली होती. नीट, गोलसर. बोटीत कुठे पाइप असतात, कुठे खांब. असेल काहीतरी. मी त्याच कागदावरून फोम कापला आणि गादी शिवली.

गादी बाकावर ठेवली, तर कोपऱ्यात लाकूड उघडं. बरोबर एका माणसापुरतं.

"फोम संपला होता वाटतं दुकानात," भावोजी म्हणाले.

"गप्प बसा हो," मी म्हटलं. पण कान लाल झाले माझे. तिथे पाइप नव्हता, खांब नव्हता. काहीच नव्हतं. टेप लावली. टेप थेट भिंतीपर्यंत गेली.

पुन्हा कागद घेतला. या वेळी ताईला समोर उभं केलं. हात भिंतीला टेकेपर्यंत नेला. लाकूड बोटांना लागत होतं, ते मी शपथेवर सांगते. ताईनेही बघितलं. कागद उचलला...

कोपऱ्यात तसाच आत वळलेला.

पाठीच्या गादीसाठी भिंतीवर कागद लावला. तोही एक माणूस कमी आला. वरच्या कडेला दोन गोलसर उतार पडले होते. ताई हळूच म्हणाली, "हे खांदे आहेत का गं?"

दोन्ही कागद घेऊन मी दुकानात आले. बाबा गल्ल्यामागे खुर्चीत बसले होते, कमरेला पट्टा बांधून. मी त्यांना काही सांगणार नव्हते. पण आयुष्यभर हेच काम केलेला माणूस. म्हणाले, "बघू."

मांडीवर कागद घेतला. उजव्या हाताचं बोट कडेवरून सावकाश फिरवलं. कोपऱ्याशी थांबले. पुन्हा मागे गेले. पुन्हा आले.

"कागद बरोबर आहे," बाबा म्हणाले.

"बाबा, तिथे काही नाहीये."

"बाई आहे. अंगाने बारीक. खिडकीकडे वळून बसलीय."

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, बाहेर रस्ता वाहत होता, आणि माझे हात गार पडले होते. मी म्हटलं, तुम्ही तिकडे जायचं नाही. मी जिना रुंद करून घेते, दुकानातच पलंग टाकते, काय वाट्टेल ते करते.

"वेडी आहेस का?" बाबा म्हणाले. जीभ जड झाल्यामुळे ते एकेक शब्द सुटा बोलायचे. "ती आधीपासून बसलीय. तिला कशाला उठवायचं? मी शेजारी बसेन."

"शेजारी कसे बसाल? डाव्या बाजूला टेकायला भिंत नाही. पडाल!"

"बघू."

बाबांपुढे कुणाचं चाललंय का कधी? तीच गादी राहिली. कोपरा उघडा. बाबा ताईकडे गेले.

पहिल्या दिवशी मी आणि भावोजी दोन बाजूंना हात धरूनच उभे होतो. बाबांना रिकाम्या जागेच्या शेजारी बसवलं. हळूच हात सोडले.

बाबा डावीकडे कलले...

आणि थांबले.

अर्ध्यात. खांद्याखाली काहीही नाही. मधे उशी नाही, भिंत हातभर लांब. आणि बाबा आरामात टेकून बसावं तसे बसलेले. ताईने उशी आणून त्या फटीत घातली. बाबांनी ती उजव्या हाताने काढून टाकली. "अडचण होते," म्हणाले.

कुणाला, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

खरं सांगते, त्यानंतर बाबा कधी पडले नाहीत. एकदाही नाही. कमरेचा पट्टा सुटला. जेवण वाढलं. दुपारी हळू आवाजात काहीबाही बोलत बसायचे, मधे थांबायचे, मान हलवायचे. ताईला सवय झाली. ती बाबांच्या उजव्या हाताला बसून भाजी निवडायची. मला नाही झाली सवय. मी जायचे, बाबांच्या पाया पडायचे आणि काम आहे म्हणून निघायचे. मुलीने बापाकडे असं उभ्या उभ्या जावं, याचं मला वाईट वाटायचं. पण तिथे बसवायचंच नाही मला.

पावसाळा संपला तेव्हा बाबा गेले. त्याच जागेवर, दुपारी, चहा घेऊन झाल्यावर. ताईला वाटलं, डोळा लागला. कप हातातून पडलाही नव्हता.

आता मुद्द्याचं सांगते. इथपर्यंतचं मी कदाचित विसरलेही असते.

मागच्या महिन्यात ताई म्हणाली, गादीचं कापड फाटलंय, आता सगळंच बदलू. नवी बैठक करू, कोपऱ्यापर्यंत पूर्ण. बाबा नाहीत, आता कशाला ती फट ठेवायची?

मला पटलं. ताईला मुद्दाम दुकानावर बसवलं आणि मी एकटी बोटीवर गेले. जुनी गादी काढली. कागद अंथरला. या वेळी तोंड घट्ट मिटून काम केलं. पाणी मधेच थांबलं, तरी मान वर केली नाही. बाकाचा झाला, मग पाठीच्या भिंतीचा घेतला. गुंडाळले आणि आले.

दुकानाच्या फरशीवर पाठीचा कागद उलगडला.

कोपऱ्यात ती. तशीच, बारीक खांद्यांची, खिडकीकडे वळलेली.

तिच्या शेजारी दुसरा उतार. रुंद. उजवा खांदा उंच. डावा खाली उतरलेला... तिच्याकडे झुकलेला.

मी फरशीवर बसून मुक्यानेच रडले. भीतीने नाही. त्या डाव्या खांद्याची कड मी इतकी वर्षं सावरली होती, मला ती ओळखायला काय वेळ लागणार? मी कागदावर हात ठेवला. बाबा, तुम्ही अजून इथेच? मला बरं वाटलं, हे कबूल करायला हवं. निदान पडत तरी नाहीत.

मग हात सरकवत उजवीकडे नेला. आणि बोट अडखळलं.

तिथे तिसरा उतार होता.

फिकट. उथळ. कड जेमतेम आत वळलेली. उजेडात धरल्याशिवाय दिसला नसता. बाबांच्या उजव्या हाताला, जिथे ताई भाजी निवडत बसते... तिथे.

आणि ताई तेव्हा माझ्या मागेच, गल्ल्यापाशी उभी होती. गिऱ्हाइकाला सुटे पैसे देत होती. हसत होती.

मी तिला कागद दाखवला नाही. म्हटलं, चुकला, परत घ्यावा लागेल. त्यानंतर परत घेतला. पुन्हा एकदा परत घेतला. कधी कागद पातळ होता म्हणते, कधी फोम आला नाही म्हणते. दर वेळी ताईला दुकानावर बसवून जाते.

दर वेळी तो तिसरा उतार आधीपेक्षा जरा खोल असतो.

मी तिला बोट सोडायला सांगितलं. हात जोडले. भावोजींशीही बोलले. ते तयार आहेत, त्यांना पहिल्या दिवसापासूनच ती जागा नकोशी आहे. ताई मात्र ऐकत नाही. "सोडून जायचं कुठे?" म्हणते. "आणि मला इथेच बरं वाटतं गं. दुपारी जरा टेकलं की उठावंसंच वाटत नाही."

गादी मी अजून शिवलेली नाही. ती नुसत्या लाकडावर बसते.

परवा गेले होते. ताईने चहा केला आणि बाकावरच्या आपल्या जागी जाऊन बसली. मग शेजारच्या रिकाम्या फळीवर हात थोपटला, स्वतःच्या उजव्या बाजूला.

"सारखी काय घोड्यावर असतेस? बस ना जरा," म्हणाली.

दर वेळी म्हणते.

मी उभ्यानेच चहा पिते.