उजवा हातमोजा

क्रेनचा वायर रोप तपासताना हातात फडकं घ्यायचं असतं. जाड, सुती. ते रोपाभोवती सैल धरायचं आणि रोप हळूहळू त्यातून सरकू द्यायचा. कुठे तार तुटली असेल तर तिचं टोक फडक्यात अडकतं. तिथे थांबायचं, खडूनं खूण करायची, पुढे जायचं. नुसता हात कधीही लावायचा नाही. तुटकी तार सुईसारखी शिरते, आणि चालता रोप बोटं सोबत घेऊन जातो.

हे मला लहानपणापासून माहीत आहे. बाबा भर समुद्रातल्या तेलविहिरींवरच्या क्रेन तपासायचे आणि वर्षातले काही महिने किनाऱ्यावर नव्या कामगारांना तेच काम शिकवायचे. शिकवण्याची त्यांची पद्धत एकच होती. चुकलं की उजव्या हाताची एक सणसणीत. लागलं की लक्षात राहतं, म्हणायचे.

घरीही तेच. गॅस चालू ठेवून बाहेर गेलं, जिन्याच्या कठड्यावर बसलं, ओल्या हातानं बटण दाबलं. धोका खरा असायचा आणि मारही. त्यांच्या करंगळीचं एक पेर फार पूर्वी कप्पीत गेलं होतं, त्यामुळे आमच्या गालावर तीन लांब वळ उठायचे आणि चौथा आखूड. बाबांनी बाही वर सरकवली की आई उठायची आणि आवाज बाहेर जाऊ नये म्हणून खिडक्या लावायची, स्वयंपाकघरापासून सुरुवात करून. 'पुन्हा करणार नाही' हे शब्द ऐकेपर्यंत तो हात थांबत नसे. मी लगेच म्हणून टाकायचे. माझा धाकटा भाऊ मात्र ओठ घट्ट मिटून उभा राहायचा. शेवटी त्याच्या वतीनं मीच म्हणायचे. बाबांना तेवढं चालायचं.

मागच्या वर्षी एका क्रेनचा रोप ओझ्याखाली तुटला. त्याचं टोक चाबकासारखं उलटलं आणि बाबांवर आलं. त्यांचा देह घरी आणला तेव्हा उजवा हात मनगटापासून नव्हता. तो मिळालाच नाही. उजवा हातमोजा मात्र त्यांच्या खिशात होता. न फाटलेला, नीट घडी घातलेला.

अजूनही दाराशी बूट वाजले की मी पुस्तक खाली ठेवते. मग शेजाऱ्यांचं दार उघडतं.

धाकट्यानं आम्हाला न सांगता त्याच प्रशिक्षण केंद्रात नाव घातलं. कळलं तेव्हा त्याचं शिक्षण संपत आलं होतं. आईनं मला पाठवलं.

"एक दिला मी," ती म्हणाली, "दुसरा देणार नाही. घेऊनच ये त्याला. तुझं ऐकतो तो."

केंद्र म्हणजे किनाऱ्याला लागून असलेलं काँक्रीटचं आवार. मधोमध खांबावर बसवलेली जुनी क्रेन, पत्र्याचा वर्ग, जमिनीवर रंगवलेला पिवळा पट्टा. ऊन रणरणत होतं. ग्रीसचा वास बाबांच्या कपड्यांना यायचा तोच होता आणि मी क्षणभर फाटकाशीच उभी राहिले.

"ये गं," लंबूकाका म्हणाले. ते बाबांच्या हाताखाली शिकले होते आणि आता इथे मुख्य प्रशिक्षक होते. "तुझा भाऊ हुशार आहे. पण बापासारखाच ठार बहिरा. कुणाचं ऐकेल तर शपथ."

सावलीत मुलं बसली होती. त्यातल्या एकाचा गाल डोळ्यापर्यंत सुजला होता.

"याला काय झालं?"

"दारावर आपटला," शेजारचा म्हणाला.

"दाराला बोटं होती," पलीकडचा पुटपुटला. एक जण फिसकन हसला. बाकीचे हसले नाहीत.

मी वाकून पाहिलं. तीन वळ लांब होते. चौथा आखूड.

माझी नजर आपोआप लंबूकाकांच्या हातांकडे गेली. ते डावखुरे आणि त्यांची दहाही बोटं शाबूत. माझं पाहणं त्यांना कळलं. त्यांनी मला बाजूला घेतलं.

"मी नाही गं. मी तुझ्या बाबांचा मार खाल्लेला माणूस, माझा हात कुणावर उठत नाही." मग आवाज उतरला. "हा लोंबत्या ओझ्याखालून चालला होता. त्याच्या आधी एकानं रोप गुंडाळणाऱ्या चालत्या ड्रममध्ये पाना घातला, त्याचे दोन दात गेले. जवळपास कुणी नव्हतं. जो नियम मोडतो, त्यालाच बसते. तो रोप आणल्यापासून."

"कुठला रोप?"

"तुझ्या बाबांच्या क्रेनचा. चौकशी संपल्यावर मीच मागून घेतला. तेच म्हणायचे ना, चांगल्या रोपावर कुणी तपासणी शिकत नाही."

मी पुष्कळ वाचलेलं आहे. घाबरलेल्या जमावात एकाचं पाहून दुसऱ्याच्या अंगावर वळ उठल्याच्या हकिकती पुस्तकांत आहेत. मी त्या एकेक करून आठवत राहिले.

तेवढ्यात धाकट्यानं मला पाहिलं. "आईनं पाठवलं ना? सगळ्यांसमोर तमाशा नको हं, ताई."

"संपलं की घरी चल."

"बघू."

त्याची पाळी होती. रोप एका रिळावरून दुसऱ्यावर जात होता, मोटर घरघरत होती. धाकट्यानं फडकं धरलं. अडकलं, थांबला, खूण केली. पुन्हा अडकलं, पुन्हा खूण. हात बाबांसारखाच चालत होता, घाई न करता. मला बरं वाटलं आणि बरं वाटल्याचा राग आला.

मग रोपाचं तुटलेलं टोक जवळ येऊ लागलं. तारा पिंजारल्या होत्या, त्यांवर काळपट गंज होता.

धाकट्यानं फडकं खाली टाकलं. उजवा हातमोजा काढला. त्याची नीट घडी घातली आणि खिशात ठेवला.

"ए, हात नाही!" लंबूकाका ओरडले. "मोटर बंद कर रे!"

धाकट्यानं उघडा हात रोपावर ठेवला.

तो आवाज मी कुठेही ओळखला असता.

त्याचं डोकं एका बाजूला फेकलं गेलं. हेल्मेट उडून काँक्रीटवर गरगरलं. त्याच्या हाताच्या अंतरावर कुणी नव्हतं.

दुसरी बसली. नाकातून रक्त आलं, रोपावर सांडलं.

लंबूकाका मध्ये घुसले आणि छातीत धक्का बसल्यासारखे उताणे पडले. मुलं मागे मागे सरकली.

तिसरी. भुवई फाटली. मोटर कधीच बंद झाली होती, त्यामुळे प्रत्येक फटका स्वच्छ ऐकू येत होता.

धाकटा पडला नाही. त्यानं ओठ घट्ट मिटले होते. त्यानं हात पुन्हा रोपाकडे नेला.

"म्हण!" मी किंचाळले. "म्हण ना रे!"

तो म्हणाला नाही. ओठ फुटला. एक डोळा मिटला. फटके आता मोजके राहिले नव्हते.

"बाबा, तो पुन्हा करणार नाही!"

थांबलं.

हेल्मेट अजून जागच्या जागी डुलत होतं.

संध्याकाळी मी त्याला घरी आणलं. ओठाला टाके होते. आईनं त्याचा चेहरा दिव्याखाली धरला, बराच वेळ पाहिला, आखूड वळावरून अंगठा फिरवला. कुणी मारलं, असं तिनं विचारलं नाही. पानं घेतली.

"आता राहशील ना घरी?" वाढताना ती म्हणाली.

"बाबांनी हातमोजा का काढला होता, ते कळत होतं मला," धाकटा म्हणाला. टाक्यांमुळे शब्द अडखळत होते. "हात लावला आणि कळायला लागलं. अजून थोडं राहिलं असतं तर... मी जाणार, आई. सोमवारी तेलविहिरीवर जाणारी बोट आहे."

"मी तुझ्या वतीनं शब्द दिलाय," मी म्हणाले.

"तू दिलास, ताई. मी नाही."

 बाहेर मुलं खेळत होती, त्यांचा आरडाओरडा घरात येत होता.

आईनं पळी खाली ठेवली. पदराला हात पुसले. आमच्यापैकी कुणाकडेही न पाहता ती उठली, स्वयंपाकघरात गेली आणि तिथली खिडकी लावून घेतली. मग बाहेरच्या खोलीतली. मग आमच्या मागची.