जोडीदाराची खुर्ची

आसूल गावात ओढ्याकाठी आम्ही नवं घर बांधलं, तेव्हा मी सर्वांत जास्त विचार केला तो पत्त्यांच्या खोलीचा. मी वास्तुविशारद आहे; ती खोली कशासाठी हवी, हे मला नेमकं ठाऊक होतं. आन्सेल्मोमामा गेल्यापासून बाबा बोलत नव्हते. दोघे उभा जन्म त्रूको हा पत्त्यांचा खेळ जोडीने खेळले होते. समोरासमोर बसून, हातातली पानं चेहऱ्याच्या खुणांनी एकमेकांना सांगत. भुवया उचलल्या की तलवारीचा एक्का, म्हणजे सगळ्यांत भारी पान; ओठ डावीकडे मुडपले की सोन्याची सत्ती. या खेळात खुणा करणं रीतसर असतं. समोरच्या जोडीने त्या हेरणंही.

म्हणून खोलीत चेहऱ्याचं प्रतिबिंब उमटेल असं काही ठेवलं नाही. खिडकी छताजवळ, भिंतींना निस्तेज चुना. दिवा इतका खाली टांगला, की उजेड फक्त चेहऱ्यांवर थांबावा. कुणाच्या पाठीमागून ये-जा नको, म्हणून दार कोपऱ्यात. चौकोनी टेबलावर हिरवी बनात, भोवती चार खुर्च्या.

पहिल्याच दुपारी बाबा आपणहून आत जाऊन बसले. माझा नवरा ओमार आणि मी एकमेकांसमोर बसलो. बाबांच्या समोरची खुर्ची रिकामी होती. ओमार पत्ते वाटू लागला, तसं बाबांनी त्या जागेपुढे बोट आपटलं. त्याने तिथेही तीन पानं पालथी ठेवली.

"मामांना पानं देतोयस, तर त्यांचा कडू माते चहाही पाज," मी म्हणाले.

"त्यांना साखर घालून लागायचा. कोण करणार?"

बाबांनी खुर्चीकडे टक लावली. मग किंचित मान हलवली.

"मधलं टाक."

इतक्या महिन्यांनी बाबांचा आवाज ऐकला. मी रिकाम्या जागेपुढचं मधलं पान उलटलं. तलवारीचा एक्का.

"बाबा, पत्ते खुणेचे आहेत की काय हो?" ओमार हसला.

दुसऱ्या दिवशी त्याने पत्त्यांचा कोरा जोड आणला. बाबाच जिंकले. नंतरही जिंकत राहिले, आणि ओमारचं हसणं ओसरत गेलं. रिकाम्या जागेपुढच्या बनातीची लव दबू लागली होती, कोपरं टेकल्यासारखी. मी ब्रशने ती उभी करायची. दुपारपर्यंत पुन्हा निजलेली असायची.

मी सहन केलं, कारण बाबा बोलत होते. पण ते बोलणं त्या खुर्चीपुरतंच उरलं. जेवणाच्या टेबलावर ते येईनासे झाले. मी समोर उभी राहिले, तर मान कलती करून माझ्यापलीकडे पाहत.

"त्या खुर्चीत तूच बस," ओमार म्हणाला. "जिवंत माणूस दिसलं की येतील भानावर."

"आणि तुझा जोडीदार?"

"तुम्हा दोघांना मी एकटा पुरून उरेन. बस गं."

मी बसले. खुर्चीचं कातडं कोमट होतं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, थेट, आणि त्यांच्या डोळ्यांत ओळख उजळली. मला रडू फुटणार होतं.

ओमारने पानं वाटली. मी अजून माझी उचलली नव्हती.

माझ्या भुवया वर गेल्या.

"वा," बाबा पुटपुटले.

मी भुवया खाली ओढू पाहिल्या. ओठ डावीकडे मुडपले. मी हाक मारली, ओमार, मला उठव. पण तोंडातून काही निघालं नाही. पानं उचलणारा हात माझा नव्हता असं म्हणवत नाही. अंगठी माझीच होती.

डाव संपला. बाबा खळखळून हसले, खुर्चीत रेलले आणि धबधब्यासारखे बोलू लागले. जुन्या स्पर्धा, हरलेली मंडळी, माझी आई. हेच तर मला हवं होतं.

मग ते थबकले.

"ओमार, देल्मीरा कुठे गेली रे? बोलव तिला. किती दिवसांत धड बोललो नाही पोरीशी."

ओमारने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या नेहमीच्या, आता रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं.

"इथेच होती की," तो म्हणाला.

तो उठला, आणि ओढ्याच्या बाजूचं दार उघडून मला हाका मारू लागला.