बारा वीसची यादी

आमचं रेडिओ स्टेशन म्हणजे अलाबामात, डेमॉपोलिस गावाबाहेर, मासे पाळायच्या तळ्यांमध्ये बसलेली सिमेंटच्या विटांची एक बुटकी इमारत आणि तिच्यामागचा मनोरा. परवाना फक्त दिवसाचा; सूर्य उगवला की सुरू, मावळला की बंद. तिथली यंत्रं मी, रॉइस टॉलिव्हर, एकतीस वर्षं सांभाळतो आहे. दुपारी बाराचा तास माझ्या थोरल्या बहिणीचा होता. व्हर्लीनचा.

व्हर्लीनला सिकलसेल हा रक्ताचा आजार होता. आमच्या आई-वडिलांच्या रक्तात तो निम्मा निम्मा होता. तिच्या वाट्याला दोघांकडचा आला, माझ्या वाट्याला एकाकडचाच. म्हणून ती आजारी आणि मी धडधाकट, एवढाच काय तो फरक. पोरगी वीस वर्षं काढणार नाही असं डॉक्टरांनी आईला सांगितलं होतं. तिनं त्रेपन्न काढली. दुखणं उठलं की आठ-आठ दिवस इस्पितळात, आणि सुटल्यावर घरी न जाता सरळ माइकसमोर.

गारठा तिला सोसत नसे. थंडीनं कळा सुरू व्हायच्या. म्हणून स्टुडिओतल्या एसीच्या झरोक्यावर मी चंदेरी पट्टी चिकटवून टाकली होती. जुलैत आलेले पाहुणे घामानं निथळायचे. एकदा पास्टर गेन्स कपाळ पुसत म्हणाले, "व्हर्लीन, नरकावर मी चाळीस वर्षं बोलतोय. आज पाहिला."

"मग येत्या रविवारी जरा खात्रीनं बोला," ती म्हणाली. हे सगळं रेडिओवरून थेट गेलं. गाव आठवडाभर हसत होतं.

बारा वाजून वीस मिनिटांनी ती यादी वाचायची. आजारी आणि घरात अडकलेल्या माणसांची नावं तिच्याकडे गावोगावच्या चर्चमधून येत. कुणाच्या आजाराचं नाव ती कधी घेत नसे. आधी माणसाचं नाव, मग त्याचं गाव, आणि शेजाऱ्यानं खिडकीतून डोकावून बोलावं तसं एखादं वाक्य. मिस्टर लूथर, तुमच्या टोमॅटोंची काळजी मुलं घेताहेत, तुम्ही पडून राहा. असं.

दीड वर्षापूर्वी, डिसेंबरात, ती गेली. तिच्यामागे यादी वाचायला कुणी धजेना. त्या वेळेला आम्ही पास्टर गेन्स यांच्या प्रवचनाची ध्वनिफीत लावू लागलो.

पुढच्या ऑगस्टात, तिच्या वाढदिवशी, बाराचा तास आम्ही तिच्या आठवणींसाठी मोकळा ठेवला. लोक फोन करत होते, मी जोडून देत होतो. शाळेतल्या बाई बोलल्या, तिचे केस करणारी बोलली. मग फॉन्सडेलहून आयोना स्क्रग्ज नावाची एक बाई बोलायला लागली. आवाज तरुण होता. मिस व्हर्लीनचे आभार मानायचेत, म्हणाली.

"गेल्या मंगळवारी त्यांनी यादीत माझ्या लेकीचं नाव घेतलं. म्हणाल्या, टमेका स्क्रग्ज, आईला सांग, संध्याकाळपर्यंत थांबू नकोस. मी तशीच निघाले. सिकलसेल आहे तिला, पोटात रक्त साठत होतं पोरीच्या. डॉक्टर म्हणाले, तासभर उशीर झाला असता तर हाती लागली नसती."

जुनी फीत चुकून लागली असेल, असं मला वाटलं. मी मुलीचं वय विचारलं.

"सात महिने," ती म्हणाली.

व्हर्लीन गेली तेव्हा ही मुलगी जन्मलीही नव्हती. आयोना मे महिन्यात मोबाइल शहरातून इकडे राहायला आली होती. व्हर्लीन वारलीय हे तिला ठाऊकच नव्हतं. आठवणींचा कार्यक्रम म्हणजे बाई निवृत्त झाल्या असतील, असं समजून तिनं फोन केला होता. ते तिला सांगायचं काम माझ्यावर आलं.

त्या तासात आणखी चार फोन तसेच आले. लाकडं वाहणारा एक ट्रकवाला होता, कॉलेजातली एक पोरगी होती. ते एकमेकांना ओळखत नव्हते. चौघांनाही सिकलसेल. चौघांचीही नावं बारा वीसला घेतली गेली होती, आणि त्याच दिवशी त्यांचं दुखणं उठलं होतं.

आम्ही जे हवेत सोडतो ते सगळं एका यंत्रावर नोंदलं जातं. त्यांनी सांगितलेले पाचही दिवस मी काढून ऐकले. पाचही दिवस प्रवचनच होतं. मध्ये खंड नाही की खरखर नाही.

मी माणूस तारांचा आणि व्होल्टेजचा. मनोऱ्यापर्यंतचा एकेक जोड तपासला. काही सापडलं नाही. मग मी रोज बारा वीसला ट्रान्समीटरच्या खोलीत रेडिओ लावून बसू लागलो. खरं सांगायचं तर तपासणीसाठी नाही. तिचा आवाज परक्यांना ऐकू येत होता आणि सख्ख्या भावाला येत नव्हता, याचा मला राग येत होता.

दोन महिने प्रवचन ऐकलं.

ऑक्टोबरात एका बुधवारी पास्टरांचा आवाज मध्येच बारीक झाला, जसं कुणी शेजारच्या खोलीत बोलतंय. मग व्हर्लीन खाकरली. वाचायच्या आधी ती नेहमी खाकरायची.

"ओपल जून किंब्रो," ती म्हणाली. "बर्मिंगहॅम. ही नवीन आहे. हिला सांभाळून घ्या."

प्रवचन पुन्हा मोठं झालं.

किंब्रो हे माझ्या लेकीचं सासर. डार्नेला बर्मिंगहॅमलाच राहते. माझा निम्मा दोष तिच्यात उतरलाय हे आम्हाला माहीत होतं. जावयाची, कर्टिसची, तपासणी कधी झालीच नव्हती. पण त्या घरात ओपल नावाचं कुणी नव्हतं.

मी डार्नेलाला फोन केला. सहज केलाय, म्हटलं.

तिनं खोलीचं दार लावल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "डॅडी, तुम्हाला कुणी सांगितलं? दिवस गेल्याचं मला आज सकाळी कळलंय. मी अजून कर्टिसलाही बोलले नाही."

मी तिला आवाजाबद्दल काही सांगितलं नाही. दोघांनी तपासणी करून घ्या, एवढंच म्हणालो. कर्टिसच्या रक्तातही दोष निघाला. डार्नेला फोनवर रडली. मग म्हणाली, आत्याही अशीच होती ना, आणि ती तर आख्ख्या जिल्ह्याला पुरली.

मुलगी जूनमध्ये झाली. सिकलसेलच्या तपासणीसाठी बाळाच्या टाचेतून रक्त घेतलं होतं, निकाल यायचा होता. इस्पितळातून डार्नेलाचा फोन आला. नाव कर्टिसच्या आजीचं ठेवतोय, म्हणाली, ओपल. मधलं नाव मी सांगावं अशी तिची इच्छा होती.

एवढं एक तरी खोटं ठरावं, असं मला वाटलं.

"रूथ," मी म्हणालो, आणि फोन ठेवला.

पंधरा दिवसांनी जन्माचा दाखला आला. त्यावर ओपल जून किंब्रो असं छापलं होतं.

मी डार्नेलाला फोन लावून विचारलं, रूथचं काय झालं.

"रूथ कोण?" ती म्हणाली. "तुम्ही जून म्हणालात. स्पीकर चालू होता, कर्टिसनं ऐकलं, नर्सनंही ऐकलं. आधी खाकरलात, मग जून म्हणालात."

मी दाखल्यावरचं नाव पुन्हा वाचलं.

"आणि डॅडी, पुढे जे म्हणालात ना, त्याच्यावरच मी हे पंधरा दिवस काढलेत."

"काय म्हणालो?"

"म्हणालात, घाबरू नकोस. ही माझ्याहून जास्त टिकेल."