दहाव्या दिवसाची कविता

"नीरजा, वर ये. आत्ता. चहा राहू दे."

मुख्याध्यापिका मृणालिनीबाई फोनवर एवढं तोडून कधी बोलत नसत. नीरजाने वाचनालयाला कडी घातली आणि जिना चढली. बनारसच्या मराठी मंडळाच्या या शाळेत ती तीस वर्षं ग्रंथपाल होती. वर बोलावून कुणी चांगली बातमी दिल्याचं तिला आठवत नव्हतं.

टेबलावर दोन शोधनिबंध शेजारी-शेजारी पडले होते. बारावीच्या मुलांनी एका साहित्यकृतीचं विश्लेषण लिहून द्यायचं, असा शाळेचा नियम. दोन्ही निबंधांचा विषय कावेरीबाईंची वही. शंभर वर्षांपूर्वी मुन्शी घाटाजवळ राहणाऱ्या या बाईंनी चाळीस कविता लिहिल्या, प्रत्येकीखाली तिथी घातली, आणि ती वही या हातातून त्या हातात जात शाळेच्या कपाटात येऊन पडली होती.

"पान नऊ वाच. दोन्हींतलं."

नीरजाने वाचलं. 'चोविसावी कविता दहाव्या दिवसाची आहे. घाटावर पिंडाला कावळा शिवेना म्हणून सगळे ताटकळले. तोच कावळा कवितेत घराच्या उंबऱ्यावर येऊन बसतो, आणि कवयित्री त्याला हाकलत नाही.' दुसऱ्या निबंधातही तेच. एका शब्दाचा फरक नाही.

एकावर नाव होतं अवनीचं. अहिल्याबाई घाटावर पौरोहित्य करणाऱ्या विष्णू गुरुजींची ती मुलगी. दुसऱ्यावर ऋतुराजचं, म्हणजे मंडळाचे अध्यक्ष प्रल्हादराव यांच्या नातवाचं.

"आधी कुणाचा आला?" नीरजाने विचारलं.

"ऋतुराजचा. चार जानेवारीला. अवनीचा सातला." मृणालिनीबाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. "पुण्याच्या कॉलेजला एकच नाव पाठवायचंय, आज बारापर्यंत. अवनीचं जवळजवळ ठरलं होतं. आता प्रल्हादरावांचा सकाळपासून तिसरा फोन. चोरणाऱ्या मुलीचं नाव जाता कामा नये म्हणतात."

पुण्याच्या जागेचा अर्थ नीरजाला ठाऊक होता. अवनीच्या घरी साधा हिशेब होता: पुणे झालं तर शिक्षण, नाही तर वैशाखात लग्न. मुलगा बघूनही ठेवला होता.

खिडकीपाशी उभे असलेले शरद सर आता पुढे आले. मराठीचे शिक्षक, तीन वर्षांपूर्वी सांगलीहून आलेले. कविता शिकवावी तर त्यांनीच. ते फळ्याकडे वळले की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा मोबाइल खिशात घालत. नीरजाला ते मनापासून आवडत.

"मला वाईट वाटतं," ते म्हणाले. "पण तिने नुसती नक्कल नाही केली, चुकीची केली. सगळा निबंध एका तारखेवर उभा आहे: कावेरीबाईंचा नवरा कधी गेला? ऋतुराजने भाद्रपद वद्य पंचमी लिहिलीय. अवनीने श्रावण वद्य पंचमी. आणि हा बघा त्याच्या नावाचा दगड. मुन्शी घाटावरच्या देवळात आहे."

त्यांनी मोबाइल पुढे धरला. वर चोवीस डिसेंबर, सकाळचे सात दिसत होते. खाली दगडावर हिंदीत कोरलं होतं: भाद्रपद कृष्ण ५.

"म्हणजे ऋतुराजचं बरोबर," मृणालिनीबाई म्हणाल्या.

"शंभर टक्के. त्यामुळे त्याचा निष्कर्षही जोरदार आहे. श्रावणातल्या शोकाच्या कविता नवरा जिवंत असतानाच्या ठरतात. बाई मनाने आधीच विधवा झाली होती. अवनीने महिना चुकवला आणि सगळं सपक करून टाकलं. म्हणे, मृत्यूनंतरच्या कविता."

"फोटो तुम्हीच काढलात?" नीरजाने विचारलं.

"सकाळी फिरायला जातो तिकडे. खात्री केलेली बरी."

"दोघांपैकी कुणी तुम्हांला कच्चा मसुदा दाखवला होता?"

"कुणीच नाही. दोघांनी थेट शेवटची प्रतच दिली."

"एक सांगा सर, गोकुळाष्टमी कोणत्या महिन्यात येते?"

शरद सर हसले. "श्रावणात. हे काय मध्येच?"

"इथे बनारसमध्ये?"

"अहो, सगळ्या देशात एकाच दिवशी असते ती."

नीरजाने मान डोलावली. साडेदहा वाजले होते. तिने दोन्ही निबंध उचलले आणि खाली गेली.

अवनी वाचनालयाच्या दारातच उभी होती. रडून झालं असावं. चेहरा कोरडा आणि डोळे लाल.

"खरं सांग. कुणाचा निबंध आहे?"

"माझा, मावशी. मी बाईस दिसंबरला सरांना ड्राफ्ट दिला था. स्टाफरूममध्ये, हातात."

"कुणी पाहिलं?"

"कोणीच नव्हतं. नंतर विचारलं तर म्हणाले, मिळालाच नाही. मी म्हटलं, ठेवला असेल कुठेतरी."

"श्रावण वद्य पंचमी कुठून आणलीस?"

"बाबांकडच्या पणजोबांच्या वहीतून. आपल्या यजमानांच्या तिथ्या असतात ना तिच्यात."

"दगड पाहिलास?"

"पाहिला की. त्यावर भादों आहे. वो तो वही लिखेंगे ना." तिने खांदे उडवले, जणू यात विचारण्यासारखं काही नाही. मग एकदम तिचा आवाज फाटला. "सर म्हणाले होते, तुझ्यासारखं वाचणारं पोर मला सांगलीतही भेटलं नाही. ते असं का बोलले, मावशी?"

नीरजाला उत्तराचा अंदाज आला होता. पण ऋतुराजशी बोलल्याशिवाय ते सांगायचं नव्हतं.

ऋतुराज मैदानाच्या कडेला उन्हात बसला होता. वाईट मुलगा नव्हे. घरच्यांनी सगळं हातात आणून दिलेला, एवढंच.

"चोविसावी कविता कोणत्या दिवसाची रे?"

"दसवें दिन की." निबंध न उघडता त्याने सांगितलं. एवढं तरी पाठ केलं होतं.

"कुणाच्या दहाव्या दिवसाची?"

"नवऱ्याच्या. कावेरीबाईंच्या."

"आणि नवरा गेला कधी?"

त्याने पानं चाळली. "भाद्रपद वद्य पंचमी."

"शेवटी कवितांची यादी दिलीयस. चोविसावीखालची तिथी वाच."

"श्रावण वद्य चतुर्दशी." त्याने वर पाहिलं. त्याच्या काहीच लक्षात आलं नव्हतं.

"गोकुळाष्टमी कोणत्या महिन्यात?"

"घरी श्रावण, बाहर भादों. ये तो सबको पता है, मावशी."

"मग तुझ्या निबंधात हे कुणी लिहिलं?"

ऋतुराजने बुटाच्या टोकाने माती उकरली. "आजोबांना विचारा," तो पुटपुटला.

साडेअकराला मृणालिनीबाईंच्या खोलीत पाच जण होते. अवनी दाराशी, ऋतुराज भिंतीशी, शरद सर खुर्चीत. नीरजा उभीच राहिली. बसून बोलता येईल असं हे प्रकरण नव्हतं.

"आधी निबंध कुणाचा ते बघू," ती म्हणाली. "पान नऊ दोन्हींत सारखं आहे. चोविसावी कविता दहाव्या दिवसाची. तिच्याखालची तिथी श्रावण वद्य चतुर्दशी. बाई, बोटांवर मोजा. पंचमीला माणूस गेला, तो पहिला दिवस. षष्ठी दुसरा, सप्तमी तिसरा... दहावा कधी?"

मृणालिनीबाईंची बोटं हलली. "चतुर्दशीला."

"म्हणजे हे वाक्य लिहिणाऱ्याच्या डोक्यात मृत्यू श्रावण वद्य पंचमीचाच होता. ही तिथी फक्त अवनीच्या निबंधात आहे. ऋतुराजच्या निबंधात नवरा भाद्रपदात जातो, आणि त्याचा दहावा दिवस तीन आठवडे आधीच उरकलेला असतो. मूळ निबंध अवनीचा. दुसऱ्यात कुणीतरी महिना बदलला, निष्कर्ष बदलला, पण पान नऊ बदलायला विसरला."

"पण दगडावर भाद्रपदच आहे!" मृणालिनीबाई म्हणाल्या, आणि दुसऱ्याच क्षणी त्यांनी कपाळावर हात मारला. "अरे देवा. आपलं श्रावण वद्य."

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," नीरजा म्हणाली. "आपला महिना अमावास्येला संपतो, इथल्यांचा पौर्णिमेला. वद्य पक्षात आपला श्रावण असतो तेव्हा शेजाऱ्यांचा भादों लागलेला असतो. गुरुजींची वही मराठी, दगड हिंदी. दिवस तोच. म्हणून अष्टमीला आपण श्रावणातला कृष्णजन्म करतो आणि शेजारच्या मिश्राजींकडे तोच भादोंतला असतो. इथे जन्मलेल्या मराठी पोराला हे कुणी शिकवावं लागत नाही. तुम्ही इथल्या. मी इथली. अवनी, ऋतुराज, प्रल्हादराव, सगळे इथले. यांतल्या कुणीही तो दगड वाचून अवनीची तिथी चुकीची ठरवली नसती."

नीरजाला पुढचं बोलायचं नव्हतं. तीन वर्षं रोज चारचा चहा तिने या माणसाबरोबर घेतला होता. पण दाराशी अवनी उभी होती.

"इथला नसलेला इथे एकच आहे. सर, पहिला निबंध आला चार जानेवारीला. त्याआधी कुणाचाही मसुदा पाहिला नाही, असं तुम्हीच म्हणालात. मग चोवीस डिसेंबरला सकाळी सात वाजता त्या दगडावर तुम्ही कसली खात्री करत होतात?"

शरद सरांनी नाकारण्यासाठी तोंड उघडलं. मग तळहात मांडीवर उलटे टाकले.

"मला तिथी खटकली," ते हळूच म्हणाले. "दुसऱ्याचं लिहिलेलं जसंच्या तसं देऊन टाकलं असतं तर ते माझ्या हातून गेलं हे कुणाला कळलंही नसतं. पण चूक दिसली की माझा हात थांबत नाही."

"हात दाखवून अवलक्षण," मृणालिनीबाई कडवटपणे म्हणाल्या. "कशासाठी केलंत?"

"दर जूनला नवी तात्पुरती ऑर्डर. तीन वर्षं. प्रल्हादराव म्हणाले, पोराचा निबंध झाला की तुमची नोकरी कायम करून टाकू. मला वाटलं, अवनी हुशार आहे, तिचं काही अडणार नाही. दोन निबंध शेजारी ठेवून कोण वाचतंय, असंही वाटलं." ते थांबले. "आणि मग वाचले गेलेच."

फोन वाजला. प्रल्हादरावांचा. मृणालिनीबाईंनी तो वाजू दिला, थांबल्यावर पेन उचलला आणि पुण्याच्या पत्रावर अवनीचं नाव लिहिलं. मग कुणाच्याही नजरेला नजर न देता म्हणाल्या, "ऋतुराजने प्रकृतीमुळे निबंध दिला नाही, असं नोंदवू. सर, तुम्ही आज राजीनामा द्या. आणि हे या खोलीबाहेर जाता कामा नये."

"आणि प्रल्हादराव?" नीरजाने विचारलं.

"ते अध्यक्ष आहेत, नीरजा."

बळी तो कान पिळी. नीरजाच्या जिभेवर आलं होतं, तिने ते गिळलं. गिळल्याची तिला लाज वाटली.

अवनी पुढे आली. टेबलावरचा आपला निबंध तिने उचलला. पत्राकडे पाहिलंही नाही.

"सर, तुम्हांला वाटलं माझं चुकलंय?"

"हो."

"बावीसला मी मसुदा दिला. चोवीसला तुम्ही दगड बघून आलात. सातला मी निबंध आणून दिला. मध्ये रोज तुमचा तास होता. रोज मी पहिल्या बाकावर होते." आता ती एकही शब्द हिंदीत बोलत नव्हती. "तुम्हांला माझी चूक दिसली, आणि तुम्ही ती त्याच्या निबंधात दुरुस्त केलीत. माझ्या निबंधात राहू दिलीत."

शरद सर काहीतरी बोलू पाहत होते. नीरजाने तोंड फिरवलं; तिला ते ऐकायचं नव्हतं.

घंटा झाली. अवनी जिना उतरून बारावीच्या वर्गात गेली आणि आपल्या बाकावर बसली. तास मराठीचा होता. चाळीस मिनिटं मुलं दाराकडे बघत राहिली, पण तो घ्यायला कुणी आलं नाही.